पुतळ्याकडं पाठ करून

3 जानेवारीला नायगावात जाऊन उभं राहा आणि नुसतं बघा. नायगाव, तालुका खंडाळा, जिल्हा सातारा. (खंडाळा म्हटलं की मुंबईच्या पोरांना लोणावळ्याशेजारचा खंडाळा आठवतो, पिक्चरच्या गाण्यातला. तो नव्हे. आपला खंडाळा खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा.) इथं 1831 साली खंडोजी नेवसे पाटलांच्या घरात सावित्रीमाई जन्मली. त्या दिवशी मंत्री येतात, गाड्यांचे ताफे येतात, शाळेच्या पोरी रांगेनं येतात आणि आपणही निळे झेंडे लावून येतो. आल्यावर काय करतो? पुतळ्यासमोर जातो न् गर्रकन वळतो. पाठ माईकडं, तोंड फोनकडं. सेल्फीची रीतच अशी, की ज्याच्यासोबत फोटो पाहिजे त्याच्याकडं पाठ फिरवल्याशिवाय तो निघत नाही. मग खाली लिहायचं : माईचा खरा वारस.

खरा! या शब्दाचा सध्या सुकाळ झालाय. खरा कार्यकर्ता, खरा आंबेडकरवादी, कट्टर, ओरिजिनल, शंभर नंबरी. जो तो दुसऱ्याला नकली ठरवून स्वतः अस्सल. सातासमुद्रापारही हीच बोंब. अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टर शब्दकोशानं 2023 सालचा शब्द म्हणून निवडला तो ‘ऑथेंटिक’, म्हणजे अस्सल. आणि त्याच वर्षी जूनमध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीनं भारतात अस्सलपणाचा दर जाहीर केला : फोनवर महिन्याला 699 रुपये. पैसे भरा, ओळखपत्र दाखवा, नावापुढं निळी खूण घ्या. असल्या खुणा फुकट वाटल्या जात होत्या तेव्हा त्या कुणाला मिळत होत्या? 2019 च्या नोव्हेंबरात पत्रकार दिलीप मंडल यांचं ट्विटर खातं अडवलं, तेव्हा देशभरच्या बहुजन पोरांनी हाच सवाल उभा केला, की खुणा देताना जात बघता काय? कंपनीनं कानावर हात ठेवले. सवाल रास्त होता. आता खूण बाजारात आली आणि आपलीच पोरं रांगेत. दोस्त हो, तो निळा आपला निळा नव्हे. तो भाड्यानं मिळतो. हप्ता चुकला की उतरतो.

मी गोदीत राबतो. कंटेनरच्या पत्र्यावर बाहेरून काय रंगवलंय त्यावरून आतला माल कुणी ठरवत नाही. सीलचा नंबर बघतात, वजन बघतात, शंका आली तर कस्टमवाला दार उघडायला लावतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण नुसता पत्रा वाचून हार घालायला लागलोय.

आता हे वाचून पेठेतले सभ्य लोक खूश होतील. बघा, त्यांचाच माणूस सांगतोय! तुम्ही गप्प बसा. तुमचा हिशेब वेगळा आहे. टिकटॉकवर खेड्यातली, झोपडपट्टीतली पोरं केस रंगवून नाचायला लागली तेव्हा तुम्हाला ओकारी आली. छपरी म्हणालात. त्या शिवीचा धागा छप्परबंद जमातीपर्यंत जातो असं सांगतात. तुमची लेकरं ती शिवी इंग्रजी शाळेच्या मैदानात मजेनं देतात. 29 जून 2020 ला सरकारनं टिकटॉक बंद केलं, त्या पोरांनी जमवलेलं सगळं रातोरात गेलं, आणि तुम्ही हसलात. ज्याच्या बापजाद्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्याला स्वतःचं तोंड पडद्यावर बघावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. 1920 साली ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. 2015 च्या मे महिन्यात शिर्डीत एका पोराचा फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. त्यावरून भांडण काढून त्याला उचलून नेलं आणि ठार मारलं. फोनमधला आवाजसुद्धा इथं सहन होत नाही. तेव्हा आमच्या पोरांच्या रीलवर बोलायचा हक्क आमचा.

तो हक्क आता बजावतो. पोरांनो, तोंड दिसलं. बरं झालं. पुढं काय?

खंडाळ्याचीच गोष्ट ऐका. 1868 चा ऑगस्ट. माई नायगावात होती. गणेश नावाचा एक ब्राह्मण, पोथ्या-पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा. शारजा नावाची महाराची पोर. दोघांचं जमलं, तिला सहावा महिना लागला. गावाला कळलं. लोकांनी दोघांना धरलं, गावातनं मिरवलं आणि ठार मारायला निघाले. माई धावत गेली. मधे पडली. इंग्रजाचं राज्य आहे, खून केलात तर काय होईल, याची भीती घातली. दोघांनी गाव सोडावं यावर मिटलं. जीव वाचले. हे आपल्याला कशानं कळलं? 29 ऑगस्टला तिनं जोतीरावांना पत्र लिहिलं म्हणून. वाचणारा एक. आपण मधे पडलो हेही तिनं लिहिलंय, खोटा विनय केला नाही. पण पत्र त्यासाठी नव्हतं. पत्र यासाठी होतं, की ही दोघं तुमच्याकडं पाठवतेय. पुढचं काम पुण्यात होतं, त्याची ती वर्दी होती.

फोनला दोन डोळे असतात, एक पुढं आणि एक मागं. 2020 च्या मे महिन्यात अमेरिकेत मिनियापोलिसला एका पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा रोवला, तेव्हा डार्नेला फ्रेझर ही 17 वर्षांची काळी पोरगी फूटपाथवर उभी राहून ते सगळं टिपत राहिली. पाय कापत असतील, पण फोन खाली घेतला नाही. तिचं तोंड त्या चित्रणात नाही. 2021 साली कोर्टानं त्या पोलिसाला खुनी ठरवलं, त्यात ते चित्रण मोठा पुरावा होतं. आणि आपल्याकडं 2006 साली खैरलांजी झाली, तेव्हा मोठे पेपर कितीतरी दिवस झोपले होते. मेल, एसएमएस, हातोहात फिरलेले कागद यांनी ती बातमी मरू दिली नाही. ज्यांनी फिरवलं त्यातल्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

आणि आज? अत्याचार झाला की दवाखान्याच्या दारातनं लाइव्ह. मागं धुरकट दिसणारी रडती बाई, पुढं आपला भाऊ, गळ्यात निळा गमछा, ‘मी आलोय, मी सोडणार नाही, मी बघून घेतो.’ त्या बाईचं नाव चारचौघात सांगायचं की नाही हे तिला विचारलंय का? नाही. दुपारपर्यंत लाख व्ह्यूज. कवी मंडळींचं तर विचारूच नका. गटारात गुदमरून मेलेल्या माणसावर कविता, मागं बासरी, अंगावर लाइट, शेवटी डोळे पुसायचे. आणि खाली पेठेतल्या ताईंची दाद : ‘किती अस्सल वेदना!’ वेदना काय हापूस आहे, अस्सल-कमअस्सल निवडायला? मीही कविताच लिहितो, म्हणून या धंद्याचा वास मला लांबून येतो.

आता कागदाचं बोलू. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियम 7 प्रमाणं तपास पुरा करून आरोपपत्र दाखल करायला 60 दिवस आहेत. लाइव्ह चालतं दोन तास. 61 व्या दिवशी ठाण्याच्या पायऱ्या चढून साहेबाला विचारणारा कोण? फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती त्या बाईच्या पेटीत आहे का? नियम 11 प्रमाणं पीडिताला आणि साक्षीदाराला प्रवासखर्च मिळतो, भत्ता मिळतो, तो मिळाला का, आणि नसेल तर अर्ज कुणी लिहून दिला? साक्षीदार नेहमी पैशानंच फुटतो असं नाही. बुडालेल्या मजुरीनं फुटतो. गावच्या दुकानदारानं उधारी बंद केली की फुटतो. पाटलाच्या विहिरीवरचं पाणी तुटलं की फुटतो. आणि तारखेला एसटीत एकटा बसून जाताना फुटतो. मग खटला पडतो, आणि त्याच लाइव्हवाल्याचा पुढचा व्हिडिओ तयार असतो : ‘न्याय मेला.’

खंडाळ्याहून साताऱ्याच्या कोर्टात जायचं तर खंबाटकी ओलांडावी लागते. तारीख सकाळची असते, गाडी त्याच्याही आधीची. पुढच्या तारखेला साक्षीदाराच्या शेजारच्या सीटवर कोण बसणार, त्यानं नाव कळवावं. फोटो पाठवू नये.