क्रूझवर दवाखाना असतो, हॉस्पिटल नसतं

दिवाळी संपली की सावेडीतल्या माझ्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डॉक्टर, मुलाने क्रूझचं बुकिंग केलंय, उलटीच्या गोळ्या तेवढ्या लिहून द्या." विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे. निवृत्त शिक्षक, बँकेतले, एसटीतले. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू. मुलांनी हौसेने आईवडिलांना मुंबई-गोवा-लक्षद्वीपची, नाही तर सिंगापूरची सफर भेट दिलेली असते. चांगली गोष्ट आहे. मला स्वतःला क्रूझ आवडते, चार-पाच वेळा जाऊन आलोय आणि पुन्हाही जाईन. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याच्याइतकी सोयीची सहल दुसरी नाही. बॅग एकदाच उघडायची, खोली तीच राहते आणि गावं बदलत जातात. माझी तक्रार एवढीच की तुम्ही बुकिंग झाल्यावर येता. बुकिंगच्या आधी या.

कारण खरा प्रश्न उलटीचा नसतो. जहाजावर डॉक्टर असतात, नर्स असते, ईसीजी निघतो, सलाईन आणि ऑक्सिजन मिळतो. मोठ्या जहाजांवर हार्ट अटॅकमधली गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही ठेवलेलं असतं. पण तिथे अँजिओप्लास्टी होत नाही आणि सहसा सीटी स्कॅन नसतो. पक्षाघात झाला तर मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय नक्की सांगता येत नाही आणि तिथेच उपचार अडतो. सावेडीत छातीत दुखू लागलं तर रिक्षा करून काही मिनिटांत मोठ्या हॉस्पिटलच्या दारात उभे राहता येतं. भर समुद्रात जहाज बंदराकडे वळवावं लागतं किंवा हेलिकॉप्टर बोलवावं लागतं. ते येईल की नाही हे अंतर आणि हवामान ठरवतं. लक्षद्वीपच्या बेटांवरचे गंभीर रुग्णसुद्धा हेलिकॉप्टरने कोचीला न्यावे लागतात.

म्हणून माझा नियम थोडा कडक आहे. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास, पक्षाघात किंवा मोठं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले नसतील तर मी नको म्हणतो. काही डॉक्टर यापेक्षा लवकर परवानगी देतील, तेही चूक नाहीत. एक मजला चढताना दम लागत असेल किंवा छातीतलं दुखणं अलीकडे वाढलं असेल, तर आधी तपासण्या, मग सहल. गरोदर सुनेला बरोबर नेणार असाल तर लक्षात ठेवा, चोविसावा आठवडा सुरू झाला की बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत.

आणि एक गोष्ट जी कुणी विचारत नाही. घरातल्या ज्येष्ठांना विस्मरण सुरू झालं असेल तर क्रूझचा विचार फार जपून करा. जहाजावरच्या सगळ्या मार्गिका सारख्या, सगळे दरवाजे सारखे. रात्री जाग आली की खोली अनोळखी वाटते, माणूस बाथरूम समजून बाहेर पडतो आणि परत येता येत नाही. घरी ठीक वागणारी माणसं नव्या जागी संध्याकाळनंतर गोंधळतात. अशा आजोबांना अलिबागला दोन दिवस समुद्र दाखवून आणलेला बरा.

आता उलटीबद्दल. आपल्याकडे याला 'बोट लागणं' म्हणतात, आणि कोकणात आगबोटीने येणंजाणं होतं तेव्हापासून हा शब्द चालत आलाय. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो 'हलतंय', डोळे समोरची भिंत पाहून सांगतात 'स्थिर आहे', आणि या भांडणात मळमळ सुरू होते. तुम्हाला बोट लागेल का, याची नगरकरांसाठी सोपी परीक्षा आहे. कल्याणला जाताना माळशेज घाटात गाडी लागते का? लागत असेल, किंवा अर्धशिशीचा त्रास असेल, तर काळजी घ्या. नसेल तर बहुतेक वेळा निभावतं.

इथे माझं मत ट्रॅव्हल एजंटला आवडणार नाही. वरच्या मजल्यावरची बाल्कनीची महाग खोली घेऊ नका. झोपाळ्याचं जसं, तसं जहाजाचं: बिजागरीजवळ हालचाल कमी, टोकाला जास्त. सगळ्यात कमी हलतो तो जहाजाचा खालचा आणि मधला भाग. आधुनिक जहाजांना कडेकडेचं झुलणं कमी करणारे पंख असतात, पण पुढचं टोक वर-खाली होतं त्याला ते फारसा आळा घालत नाहीत. मी नेहमी खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली, खिडकीची खोली मागतो. खिडकी अशासाठी की क्षितिजावर नजर ठेवली की डोळे आणि कान यांचं जमतं. मळमळतंय म्हणून बिनखिडकीच्या खोलीत मोबाईल बघत पडून राहणं हा सगळ्यात वाईट उपाय.

वाचलेले पैसे तारखेवर घाला. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या घालत नाहीत, ते उगाच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पहिली सफर तीन रात्रींची करा, एकदम आठ रात्रींची नको. आणि नगरहून रात्रभर प्रवास करून पहाटे मुंबईत उतरून थेट जहाजावर चढू नका. जागरण आणि रिकामं पोट, दोन्हीने बोट जास्त लागते. आदल्या दिवशी जा, नीट झोपा.

गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही, आधी तासभर घ्यायची असते. अवोमिन बहुतेकांना चालते, पण झोप आणते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तिने अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत ती टाळावी लागते, आणि म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊ शकतो. सिनारिझिनची गोळी कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांनी घेऊ नये. पोट बिघडल्यावर देतो ती एमसेट बरेच जण खिशात ठेवतात. बोट लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. जी ठरेल ती गोळी घरी एका सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, म्हणजे किती झोप येते ते कळेल. आलेपाक चघळायला हरकत नाही. शुगर असेल तर साखरेच्या पाकाऐवजी आल्याचा नुसता तुकडा.

रोजच्या औषधांबद्दल एकच हट्ट: ती हातातल्या पिशवीत. बंदरावर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात आणि खोलीपर्यंत यायला कित्येक तास लागू शकतात. तेवढ्यात दुपारची इन्सुलिनची वेळ निघून जाते. आठवडाभराच्या सफरीला दहा दिवसांची औषधं घ्या, औषधाच्या मूळ नावासह चिठ्ठी आणि जुन्या ईसीजीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. चालू असलेलं इन्सुलिनचं पेन साधारण चार आठवडे तीस अंशांच्या आत बाहेर राहू शकतं. खोलीतला छोटा फ्रीज नीट थंड होतो का हे आधी विचारा, आणि विमानाने जाणार असाल तर इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नका, तिथे ते गोठू शकतं. दुबईहून जहाज पकडणाऱ्यांनी कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉल परवानगीशिवाय नेऊ नये. हो, आणि दिवाळीचे अनारसेही घरीच ठेवा. खसखस तिकडे बंदी असलेल्या मालात मोडते.

जहाजावर झपाट्याने पसरणारा एक आजार म्हणजे नोरोव्हायरसची उलटी-जुलाब. सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूवर तो कमी पडतो. जेवणाआधी साबण आणि पाण्यानेच हात धुवा. त्रास सुरू झाला तर लपवू नका, जहाजाच्या डॉक्टरांना सांगा. एक-दोन दिवस खोलीत बसावं लागेल, पण बाकीचे वाचतील. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या. मधुमेह आणि बीपीच्या लोकांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून एक गोष्ट लिहून घ्यावी: जुलाब-उलट्या झाल्या तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, लघवी वाढवणाऱ्या आणि बीपीच्या काही गोळ्या अशा वेळी किडनीला किंवा एकूण प्रकृतीला अपाय करू शकतात. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचं नसतं. फ्लूची लस निघण्याआधी किमान दोन आठवडे घ्या. २०२० साली जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस जहाजावर ३,७११ माणसं होती आणि त्यांतल्या ७०० हून अधिक जणांना कोविड झाला. बंद जागेत श्वासाचा आजार असा फिरतो.

बुफेबद्दल काय बोलू? 'पैसे वसूल' हा आपला राष्ट्रीय आजार तिथे उफाळून येतो. पाच वेळा खाणं, वर मद्याचं पॅकेज. मी एकच ताट घेतो, आधी पूर्ण फेरी मारून सगळं बघतो आणि मगच वाढून घेतो. सूप आणि लोणच्यातल्या मिठाने हृदय कमजोर असलेल्यांच्या पायांवर दोन दिवसांत सूज येते. सकाळी डेकवर चालायला जा, लिफ्ट सोडा, गुडघे परवानगी देत असतील तर.

गुडघ्यांवरून आठवलं. लक्षद्वीपला मोठं जहाज बेटाला लागत नाही, दूर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीतून नेतात. दोन्ही हलत असताना एका पायावरून दुसऱ्यावर जायचं असतं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी जहाजावरच थांबावं. त्यात कमीपणा नाही, आणि त्या दिवशी जहाज मस्त रिकामं असतं.

विम्याचा कागद मात्र मुलांवर सोपवू नका, स्वतः वाचा. भारतातली नेहमीची पॉलिसी सहसा परदेशात चालत नाही, आणि जहाजावरच्या उपचारांचं बिल वेगळं लागतं, परदेशी जहाजावर बहुधा डॉलरमध्ये. जहाजावरून हॉस्पिटलपर्यंत हलवण्याचा खर्च पॉलिसीत धरलाय का, हे पाहा. आणि अर्जात आजार विचारले तर 'काही नाही' लिहू नका. प्रीमियम थोडा वाचतो, पण शुगर लपवलेल्या माणसाचा क्लेम नेमका गरजेच्या वेळी नाकारला जाऊ शकतो.

परत आल्यावर एक-दोन दिवस जमीन डुलतेय असं वाटतं. बाथरूममध्ये डोळे मिटून डोक्यावर पाणी घेताना जास्त जाणवतं, तेव्हा भिंतीला हात लावा. हे आपोआप जातं. पण बोलणं अडखळलं, चेहरा वाकडा झाला किंवा एका बाजूला तोल जाऊ लागला तर त्याला 'बोटीची चक्कर' म्हणून थांबू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. आणि परतल्यानंतर दोन आठवड्यांत ताप-खोकला आला, तर दाखवायला याल तेव्हा क्रूझला गेलो होतो हे पहिल्या वाक्यात सांगा. पाण्याच्या फवाऱ्यांतून होणारा न्यूमोनियाचा एक प्रकार आहे, तो मनात आला तरच त्याचं योग्य अँटिबायोटिक सुरू होतं.