पावशाची साद

पैनगंगेच्या काठी वसलेल्या देऊळघाटच्या शिवारात उन्हाळ्याच्या दिवसांत आमराईतून चढत्या सुरातली साद ऐकू येते : ‘पेरते व्हा, पेरते व्हा!’ हा पावशा पक्षी होय. रंगरूपाने तो इतका शिक्र्यासारखा दिसतो, की लहान पाखरेही त्याला भितात. मग माणसाचे डोळे फसले तर नवल काय! कान मात्र असे फसत नाहीत. सलीम अली यांनी १९४१ सालच्या आपल्या ग्रंथात पक्ष्यांच्या रंगांबरोबर आवाजांचीही वर्णने दिली, ती उगीच नव्हेत. पक्ष्यांची ओळख कानांपासूनच सुरू व्हावी.

परंतु ऐकलेल्या सादेचा अर्थ लावण्याची घाई नको. पावशाची साद म्हणजे पेरणीची आज्ञा नव्हे. तो चैत्र-वैशाखातच ओरडू लागतो, कारण त्याचा विणीचा काळ जवळ आलेला असतो. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालते. त्याच्या शब्दावर विसंबून कोरड्या रानात पेरणी केली, तर बियाणे वायाच जायचे! आफ्रिकेतून येणारा चातक मात्र मोसमी वाऱ्यांच्या सुमारास दिसू लागतो.

हा भेद केवळ ऐकीव गोष्टींवरून कळत नाही. त्यासाठी साद, तारीख आणि त्या दिवशीचे आभाळ वहीत टिपून ठेवावे. पावसाच्या किती दिवस आधी पावशा ओरडू लागला, हे मग दोन-तीन वर्षांच्या नोंदीच सांगतील.