आवाज कमी करून ऐका!

ॲम्प्लिफायर म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॅटचा?" गॅदरिंग असो नाहीतर प्रोजेक्ट, वॅट ऐकले की समोरचा खूश. माझं मात्र स्पष्ट मत आहे, की ॲम्प्लिफायरची खरी परीक्षा आवाज वाढवल्यावर नाही, कमी केल्यावर होते.

आमचाच किस्सा ऐका. प्रोजेक्टसाठी आम्ही २एन३०५५ आणि एमजे२९५५ ही जोडी आउटपुटला लावली. बायस दिलाच नाही. म्हटलं, फीडबॅक आहे ना, तो घेईल सांभाळून! एक किलोहर्ट्झची साइन वेव्ह, फुल व्हॉल्यूम, सीआरओवर झकास दिसली. व्हायवा पार पडली. रात्री रूमवर हळू आवाजात बासरी लावली, तर प्रत्येक सुराला बारीक खरखर. जणू बासरीत वाळू गेलीये!

दोष जोडीच्या सांध्यात होता. वरचा ट्रान्झिस्टर पॉझिटिव्ह अर्धी वेव्ह सांभाळतो, खालचा निगेटिव्ह. पण दोघांनाही जागं व्हायला बेस-एमिटरमध्ये साधारण ०.६ व्होल्ट लागतात. त्याच्या आत दोघंही झोपलेले! हेच क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. २० व्होल्ट उंचीच्या वेव्हमध्ये हा पट्टा चिमुकला, पण १ व्होल्टच्या वेव्हची निम्म्याहून जास्त उंची तो गिळतो. आणि ८ ओहमच्या स्पीकरला १ वॅट द्यायला वेव्हची उंची फक्त ४ व्होल्ट लागते. खोलीत आपण बहुधा याच्याही खालीच ऐकतो.

मग फीडबॅक? हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली फेरीबोटीतून कामावर जाताना सुचलेली ही कल्पना ग्रेटच आहे. पण दोन्ही ट्रान्झिस्टर बंद असतात तेव्हा लूपच तुटलेला असतो, मग दुरुस्ती करायची कुणी? शिवाय फ्रीक्वेन्सी वाढते तसा लूपचा गेन घटतो, आणि क्रॉसओव्हरचा कचरा नेमका वरच्या हार्मोनिक्समध्ये जातो. म्हणजे जिथे जखम, तिथेच मलम कमी.

इलाज मुळाशीच हवा. व्हीबीई मल्टिप्लायर लावून दोघांना थोडं जागं ठेवायचं. त्याचा ट्रान्झिस्टर हीटसिंकवरच बसवायचा, कारण तापमानाच्या दर अंशाला व्हीबीई सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. बायस तसाच राहिला तर करंट वाढत जाऊन जोडी जळू शकते. बरं, जास्त बायस म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. बर्नार्ड ऑलिव्हर यांनी १९७१ मध्येच दाखवलं, की प्रत्येक एमिटर रेझिस्टरवर सुमारे २६ मिलिव्होल्ट असले की सांधा सर्वांत गुळगुळीत होतो. ०.२२ ओहमला हे साधारण ११८ मिलिअँपिअर. त्याच्या फार पुढे गेलं की मधल्या भागात दोघंही एकदम जोर लावतात आणि नवंच डिस्टॉर्शन तयार!

आम्ही नंतर एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि एक प्रीसेट घातला. खर्च चहा-वडापावाइतका. खरखर गेली.

पेपरात आपण क्लास बीची ७८.५ टक्के एफिशियन्सी डोळे झाकून लिहितो. सांध्याचं काय, हे कुणी विचारतच नाही. म्हणून माझी मागणी आहे, की प्रॅक्टिकलला एक रीडिंग सक्तीचं करा: अर्धा वॅट, १० किलोहर्ट्झ, आउटपुट दाखवा. आमच्या पहिल्या ॲम्प्लिफायरला त्यात शून्य मिळालं असतं. आणि ते बरोबरच झालं असतं.