परग्रहावरच्या पाहुण्याला लातुरी बोलू द्या

सकाळी दार उघडावे तर अंगणात बुलडोझर उभा. घर पाडून बायपास काढायचा आहे. नोटीस कुठे लावली होती? कचेरीच्या तळघरात, कुलूपबंद कपाटात. तेवढ्यात आभाळात याने उतरतात आणि अख्खी पृथ्वीच पाडायची घोषणा होते, तीही अंतराळातल्या बायपाससाठी. तिची नोटीस म्हणे पन्नास वर्षे अल्फा सेंटॉरीवरच्या कार्यालयात लावलेली होती!

डग्लस ॲडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टु द गॅलक्सी’ या श्रुतिकेची ही सुरुवात. ८ मार्च १९७८ रोजी ती बीबीसी रेडिओ ४ वर लागली. कादंबरी १९७९ ची, आधी श्रुतिका. शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला यातली गंमत आणि त्यामागची सल समजावून सांगावी लागणार नाही.

मराठीत अशी श्रुतिका का नसावी? आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’मधल्या नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी नुसत्या आवाजाने घराघरात पोचले. विज्ञानकथाही आपल्याकडे रुजली. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि बक्षीस मिळवले. हसवणारा रेडिओ होता, विज्ञानकथा होती. दोघांची लोकांच्या लक्षात राहील अशी गाठ मात्र पडली नाही.

ती लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळसारख्या गावात पडू शकते. पडद्यावर यान उडवायला कोटी लागतात. श्रुतिकेत पाण्याच्या मोटरीची घरघर आणि पत्र्यावर घासलेली साखळी पुरते. २०१२ मध्ये मूळ नटसंचातले कलाकार ‘हिचहायकर्स’ घेऊन ब्रिटनच्या रंगमंचांवर फिरले. समोर माईक, हातात संहिता, आणि आवाज तिथेच प्रेक्षकांपुढे काढले जात. भारूड ऐकत मोठ्या झालेल्या मुलखाला तो थाट नवा नाही. गणपतीच्या मंडपात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला चार पोरे हे सहज उभे करतील.

विषय तर दारातच आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले लातूरकरांनी पाहिले आहे; पाण्यासाठी ग्रह सोडून निघालेला जीव त्यांना परका का वाटावा? फक्त त्याने उतरल्या उतरल्या “काय करूलालास?” असे विचारावे. पुणेरी वळणाची भाषा त्याच्या तोंडी घातली, तर निम्मी मजा तिथेच संपेल.

नांदेड आकाशवाणीने लातूर-नांदेडच्या लिहित्या पोरांकडून अशी श्रुतिका मागवावी, इथल्याच नाटकवाल्यांकडून वठवून घ्यावी आणि तालुक्याच्या गावी लोकांसमोर तिचा प्रयोग करावा. फार मोठी मालिका नको, सहा भाग चालतील. ॲडम्स यांची पहिली मालिका सहाच भागांची होती.