मामांची थैली

मामांच्या घरी दाराशेजारच्या खिळ्याला कापड दुकानाची एक थैली लटकलेली असते. तिचा एक बंद तुटलेला, त्या जागी सुतळी. आत अकरा वर्षांचे केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर कुणा डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या.

मामा घाटाखालचे, संग्रामपूर तालुक्यातले. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात किडनीचे पेशंट गावोगाव सापडतात, आणि ‘क्रिएटिनिन’ हा किडनीच्या तपासणीतला शब्द ओट्यावर बसलेल्या बायकाही सहज उच्चारतात. या आजारात आजचा आकडा एकटा फार काही बोलत नाही. वर्षापूर्वी किती होता, सहा महिन्यांपूर्वी किती, हे शेजारी मांडलं की डॉक्टरला चाल कळते. म्हणून थैली.

गेल्या पावसाळ्यात निंदणाच्या दिवसांत मामांची कंबर धरली. जवळच्या दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन घेतलं, पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. किडनीचं डॉक्टरांनी विचारलं नाही, मामांनी सांगितलं नाही. अशी औषधं खराब किडनीला आणखी खाली ओढतात. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन 2.1 चं 3.4 झालं. मी चिडलो, तर म्हणाले, “वावरातूनच गेलो ना बाप्पा, थैली कायले नेतो?”

त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा पेशंट पांगतोही तीन दिशांना. शेगाव-खामगावचा अकोल्याला, मलकापूरचा भुसावळ-जळगावला, सिंदखेडराजाचा जालन्याला नाहीतर थेट संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात. एका दवाखान्याच्या कॉम्प्युटरात माहिती भरून त्याचं भागत नाही. ती त्याच्या मागे गेली पाहिजे. 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची कल्पना नेमकी हीच. माणसाला 14 आकडी आभा नंबर, रिपोर्ट ज्या दवाखान्यात झाला तिथेच जपलेला, आणि पेशंटने हो म्हटलं तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसणारा. आमच्या भागात नंबर हवाच. ओपीडीच्या रांगेत ‘गजानन’ म्हणून हाक मारा, चार माना वळतात.

जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगण्याला लोकांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हा आरोग्य कर्मचारी घरोघर फिरून याद्या करत होते. ते करावंच लागतं. पण सुरुवातीचे लोक कधी आणि कुठल्या दवाखान्यांत गेले, हे विखुरलेल्या केसपेपरांतून काढायचं म्हणजे कडब्याच्या गंजीत सुई शोधणं. त्या नोंदी एका जागी दिसत्या, तर गावाआधी कॉम्प्युटरच ओरडला असता, असं मला वाटतं.

सध्या मात्र बऱ्याच ठिकाणी डिजिटल कारभार खिडकीपाशीच संपतो. क्यूआर कोड स्कॅन केला की टोकन मिळतं, रांग वाचते, हे खरंच. आत डॉक्टर पुन्हा कागदावरच लिहितात. शंभर पेशंट बाहेर उभे असताना त्यांनी टाइप करत बसावं, असं मीही म्हणणार नाही. तिथे टाइप करणारा माणूस द्या. आणि आभा म्हणजे पाच लाखांचं आयुष्मान कार्ड नव्हे, हे आशाताईंना किती वेळा सांगावं लागतं ते त्यांनाच विचारा.

मागच्या महिन्यात मामांना घेऊन जिल्ह्याबाहेरच्या एका दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीने आधार नंबर टाकून आभा काढायला घेतला. “ओटीपी सांगा.” आधारला मोबाइल जोडलेला मामेभावाचा, आणि तो चाकणला कंपनीत, पहिल्या शिफ्टला. मोबाइल लॉकरमध्ये. मुलगी बिचारी दोनदा म्हणाली, “परत पाठवते.”

तेवढ्यात आतून नंबर पुकारला. मामांनी सुतळीची गाठ सोडली, रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर लावले, लग्नपत्रिकासुद्धा. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सगळे आकडे वाचले, एक गोळी बंद केली. आम्ही स्टँडवर येऊन चहा घेत होतो तेव्हा चाकणहून फोन आला. “दादा, तीन ओटीपी आलेत. कोणता सांगू?”