गोडनिंब उपटण्याची घाई नको

विदर्भातल्या थंडीच्या बातमीत सर्वांत कमी तापमानासाठी गोंदियाचे नाव वारंवार येते. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा ७-८ अंशांपर्यंत उतरतो. बर्फ पडत नाही, म्हणून बागेला काय होणार, असे अनेकांना वाटते. पण जास्वंद, रुक्मिणी, क्रोटन ही उष्ण प्रदेशातली सदाहरित झुडपे. सलग काही रात्री पारा १० अंशांखाली राहिला, की पाणी न गोठताही त्यांच्या पेशींची आवरणे बिघडतात आणि गार मातीतली मुळे पाणी ओढेनाशी होतात. मग क्रोटनची पाने गळतात, रुक्मिणी पिवळी पडते, जास्वंदाच्या कळ्या उमलण्याआधीच खाली येतात.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो गोडनिंबावर. पाने पिवळी होऊन गळाली, नुसत्या काड्या उरल्या, की झाड वाळले असे घरात ठरते आणि कुदळ निघते. खरे तर कडक थंडीत पाने टाकणे हा त्याचा स्वभावच आहे. ऊन तापू लागले की त्याला पुन्हा धुमारे फुटतात. शंका असेल तर फांदीची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवे, ओलसर दिसले तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडे निघाले तर शेंड्याकडून बुंध्याकडे थोडे थोडे खाली येत पुन्हा खरवडावे. कित्येकदा वरची वीतभरच काडी गेलेली असते.

कात्रीचेही तेच. प्रजासत्ताक दिनाच्या तयारीत आवारातली कुंपणाची झुडपे सरळ रेषेत छाटून टाकण्याची पद्धत आहे. हे थांबायलाच हवे. करपलेली पाने दिसायला वाईट असली तरी आतल्या डोळ्यांना त्यांचा आडोसा असतो. शिवाय छाटणीने कोवळी फूट जागी होते आणि थंडीची पुढची लाट नेमकी तीच मारते.

इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रात उन्हाळी धान घेणाऱ्यांना हा संयम ठाऊक आहे. थंडीने पऱ्हे पिवळे पडले, तर ते मोडून टाकण्याआधी संध्याकाळी वाफ्यात विहिरीचे कोमट पाणी भरायचे, सकाळी गार झालेले काढून टाकायचे, ही तिथली जुनी शिफारस. आधी मुळांना ऊब द्यायची, बाकीचे नंतर.

बागेतही तेच करता येते. धानाच्या जिल्ह्यात तणसाची कमी नाही. त्याचा चार बोटांचा थर बुंध्याला न चिकटवता आळ्यात पसरावा. पाणी ऊन वर आल्यावर आणि माती चाचपूनच द्यावे. पाने मलूल दिसली म्हणून रोज पाणी ओतले, तर गार चिखलात मुळे कुजतात. युरिया तर मुळीच नको. नवे डोळे फुगलेले दिसले, की मगच कुजलेले शेणखत घालावे.

छाटणीला योग्य काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा. वाळलेला भाग जिवंत डोळ्याच्या जरा वर कापावा. याहून उशीर इथे परवडत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो, मे महिन्यात ४५ अंशांकडे जातो आणि उशिरा उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने भाजते. त्याआधी झुडपावर स्वतःच्या पानांची सावली तयार झालेली असली पाहिजे. ती झाली नसेल, तर दुपारपुरती हिरवी जाळी बांधावी.