चोरांचा अभ्यास?

गेल्या भीमजयंतीच्या भोजनप्रसंगी येथेच इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आपल्या एका मुलीने विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र घेणार असल्याचे सांगितले. "म्हणजे चोरांचा अभ्यास करणार?" असे एका काकांनी विचारले आणि आम्ही सारे हसलो. मीही हसलो. तिचे वडील ओशाळून म्हणाले, "समजूत काढतो आहोत. निदान फार्मसीला तरी जाईल." मुलगी ताट घेऊन उठून गेली. त्या हसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

बंधुभगिनींनो, या शास्त्राला हसण्याचा अधिकार इतर कोणाला असेल तर असो, आपल्याला नाही. हे शास्त्र आपल्या माणसांच्या अंगावर घडले आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला, तेव्हा त्याच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद झाला तो मुळातून पाहण्यासारखा आहे. हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार. तेव्हा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार! साहेबाने ही विद्या ऑक्सफर्डहून आणली नव्हती. ती त्याला मनूच्या फळीवर तयार मिळाली. मग पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या नावनिशीवार नोंदी झाल्या, हजेऱ्या सुरू झाल्या, परवान्यावाचून गाव सोडणे हा गुन्हा ठरला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. मूल जन्मले की ते संशयित.

यात माझ्या व्यवसायाचा हातही स्वच्छ नाही. 'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना ज्याने युरोपभर रुजवली तो लोंब्रोझो डॉक्टर होता; कवट्या आणि कानांची मापे घेऊन त्याने १८७६ साली आपला ग्रंथ सिद्ध केला. साल्व्हेशन आर्मीचे बूथ-टकर हिंदुस्थानातील या वसाहती चालवीत. त्यांनी आपल्या कार्याला 'क्रिमिनोक्युरॉलॉजी' असे नाव दिले होते. म्हणजे आमचे लोक रोगी आणि कुंपण हे औषध! स्कॉटलंड यार्डात १९०१ साली जो बोटांच्या ठशांचा विभाग निघाला, त्याची पद्धतही आधी बंगालमध्ये बसवली गेली. अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी त्यासाठी मोठे परिश्रम केले. पद्धतीला नाव मात्र हेन्रीसाहेबांचे लागले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या आणि लागलीच सराईत गुन्हेगार कायद्यांच्या नावाने तीच नजर परत आली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांचा एकत्र उल्लेख केला आहे. तो प्रश्न आपला आहे हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले. आपण मात्र त्यांचा कोट आणि टाय तेवढा उचलला.

'पण नोकरीचे काय?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गोड करून सांगणार नाही. इंग्लंडमधील ही तीन वर्षांची पदवी घेतल्याने कोणी आपोआप गुप्तहेर होत नाही, वकील होत नाही. न्यायवैद्यक विज्ञान हा तर निराळाच विषय. भारतातून कर्ज काढून येणाऱ्या मुलांना जे दलाल याउलट सांगतात, ते फसवतात. संख्याशास्त्राची भीती असणाऱ्याने तर दोनदा विचार करावा. प्रोबेशन, तुरुंग प्रशासन, संशोधन, पीडितांसाठी काम, अशा वाटा आहेत. पगार माझ्याइतका नाही. परंतु कोलंबियात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या वर्गात. त्या विषयाला त्या काळी कोणता पगार होता?

या शास्त्राचा खरा प्रश्न, गुन्ह्याला नाव कोण देतो, हा आहे. १९९३ साली लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. पोलिसांच्या वागण्यात संस्थात्मक वंशद्वेष आहे, असे मॅक्फर्सन समितीने १९९९ साली लिहून दिले. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारले गेले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली खून मानला, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे ठरवले. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्याला सूडच म्हटले. जात डोळ्यांदेखत असून कागदावर आली नाही. ती कागदावर कशी आणावी, पुरावा कसा जुळवावा, तपासात ती कोठे गळते, हे शिकलेली आपली माणसे किती? भारतीय तुरुंगांत जातीप्रमाणे कामे वाटून देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द केले, ते सुकन्या शांता या पत्रकार महिलेने तुरुंगांचे नियम खणून काढले म्हणून. पंचाहत्तर वर्षे ते कोणाला दिसले नव्हते काय?

येथील विद्यापीठांनाही सुनावले पाहिजे. मी चाळलेल्या अभ्यासक्रमांत वंश आहे, वर्ग आहे, लिंगभाव आहे. २०१७ च्या लॅमी अहवालाने दाखवले की इंग्लंड-वेल्समध्ये वांशिक अल्पसंख्य लोकसंख्येच्या १४ टक्के, पण तुरुंगात २५ टक्के. तो अहवाल मुले वाचतात. जात मात्र क्वचितच, आणि वसाहतीच्या काळाचा उल्लेख आलाच तर पाहुण्यासारखा. ती जागा बाहेरून निवेदने देऊन भरणार नाही. आपली मुलगी त्या वर्गात बसली तर भरेल.

त्या मुलीच्या वडिलांना मी नंतर फोन केला. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमची दोन्ही मुले डॉक्टर झाली, तुम्हाला बोलायला काय जाते?" मला उत्तर देता आले नाही. परंतु आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती आजही वैद्यकी, अभियांत्रिकी व संगणक यांपुरतीच आहे. ती अट काढून टाकावी, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे आणि पहिल्या वर्षाची रक्कम मी देईन. अनुमोदक हवा आहे.